जुना रोटाव्हेटर आणि परसातली काळी माती

वैशाख शुद्ध तृतीया जैन घरांत वर्षीतपाच्या पारण्याचा दिवस म्हणून येते. भगवान ऋषभदेवांना श्रेयांसकुमाराने हस्तिनापुरात दिलेल्या इक्षुरसाच्या दानाचे स्मरण करीत तपस्वी त्या दिवशी उसाच्या रसाने पारणे करतात. महाराष्ट्रातील कुटुंबांत याच तिथीला आणखी एक रीत चालत आली आहे. अंगणात, परसात वेलांसाठी आळी करायची आणि दुधी, दोडका, कारले, भोपळा यांच्या बिया त्यांत टोचायच्या. असि, मसि आणि कृषी ही जीवनसाधने माणसाला ज्यांनी शिकवली, त्या आदिनाथांच्या पारण्याला आणि मातीत पहिले बी पडायला एकच दिवस मिळावा, हा योग सुंदर आहे. परंतु बी टोचण्याआधी माती तयार असावी लागते, आणि ती कोणी तयार करायची हा प्रश्न आज अनेक घरांपुढे आहे.

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी हे असा प्रश्न पडावा असेच गाव. (सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे ती टेंभुर्णी निराळी.) ज्या झाडाच्या पानांत विडी वळतात त्या झाडाचेच नाव या गावाला आहे. तालुक्याची सीमा विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याला भिडते. खेळणा आणि पूर्णा यांच्या संगमावर जाफराबाद वसले आहे. भोवतालची जमीन काळी. कुठे हात-दीड हातावर मुरूम लागतो, तर कुठे चार हात खोदले तरी काळीच माती. जालना जिल्हा मोसंबी आणि बियाणे या दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिकोची स्थापना केली, तेव्हापासून संकरित बियाण्याचा व्यवहार या परिसराच्या रक्तात भिनला आहे.

अशा गावांतील व्यापारी घरांची ठेवण सर्वांच्या परिचयाची आहे. रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे घर, घरामागे परस. किंवा गावाबाहेर वडिलांनी घेऊन ठेवलेला पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा. कापड, किराणा, भुसार, बी-बियाणे असा कोणताही धंदा असो, घरच्या भाजीची हौस असतेच. पूर्वी शेजारच्या शेतकऱ्याला निरोप धाडला की तो बैलजोडी आणि वखर घेऊन येई आणि दोन तासांत परस नीट करून देई. आता गावोगाव बैल कमी झाले. मोठा ट्रॅक्टर फाटकातून आत येत नाही. आला तर कडुनिंबाच्या फांद्या मोडतो, वळताना भिंतीला घासतो. मजूर लावून दहा गुंठे कुदळीने खणून घेणे हे काम आणि खर्च दोन्ही दृष्टींनी जड. मग नजर वळते ती जुन्या, लहान यंत्राकडे. कुणाचा वापरलेला पॉवर टिलर विकायला असतो, तर कुणाच्या मिनी ट्रॅक्टरमागचा तीन-चार फुटी रोटाव्हेटर शेडमध्ये गंजत पडलेला असतो. ‘स्वस्तात मिळतो आहे, घेऊन टाकू,’ असे घरात बोलणे निघते.

घ्यावा की न घ्यावा, हे ठरवण्याआधी हे यंत्र मातीचे काय करते ते समजून घेणे बरे. नांगर माती कापून उलथवतो. रोटाव्हेटर तसे करीत नाही. त्याच्या आडव्या दांड्यावर वाकवलेली पोलादी पाती बसवलेली असतात. दांडा फिरतो, पाती मातीचे घास तोडतात आणि मागच्या फळीवर आपटतात, तिथे ढेकूळ फुटते. ही कल्पना ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाची. न्यू साउथ वेल्समधील गिलगान्ड्रा येथे वडिलांच्या शेतावर त्याने १९१२ मध्ये वाफेच्या यंत्राच्या जोरावर फिरत्या पात्यांचा प्रयोग केला. पहिल्या पात्यांनी माती बाजूला उडे. ती पाती इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची केल्यावर ती अडचण सुटली. १९२० मध्ये त्याला पेटंट मिळाले. आज गावच्या गॅरेजमध्ये ‘एल टाइपचे ब्लेड द्या’ असे सहज म्हटले जाते ते त्याच पात्यांविषयी. रोटाव्हेटर हे मुळात त्याच्या यंत्राचे व्यापारी नाव. इंग्रजीत ते उलटे वाचले तरी तसेच राहते. आपल्याकडे पॉवर टिलर प्रचारात आले ते मुख्यतः जपानी कंपन्यांच्या सहकार्याने. बंगळूरच्या व्हीएसटीने मित्सुबिशीचे, तर केरळच्या सरकारी कॅमकोने कुबोटाचे तंत्र घेतले.

नव्या अवजाराविषयी शंका येणे हेही जुनेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. ती समजूत चुकीची ठरली. रोटाव्हेटरविषयीची शंका मात्र सगळीच चुकीची नाही. अति वापरला तर तो जमीन खरोखरच बिघडवतो.

प्रथम हिशेब पाहावा, कारण व्यापारी घरात तो आधी होतो. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, सुमारे एक हजार चौरस मीटर. चार फुटी रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालला तर सरळ गणिताने हे काम वीस मिनिटांचे आहे. वळणे आणि एकावर एक येणारे पट्टे धरले तर पाऊण तास. दोन फुटी पॉवर टिलरला दीड तास पुरतो. वर्षाला दोन वेळा मशागत धरली तरी यंत्राला तीन तासांहून अधिक काम नाही. समजा, जुने यंत्र ६०,००० रुपयांना पडले. शेकडा १२ दराने व्याज ७,२०० रुपये, शेकडा १० ने घसारा ६,००० रुपये आणि दुरुस्ती-तेलपाण्याचे ३,००० रुपये धरले, तर वर्षाला १६,२०० रुपये होतात. तीन तासांनी भागल्यास तासाला ५,४०० रुपये! आपल्या गावात तासाचे भाडे काय चालते ते पाहून हा आकडा त्याच्याशी ताडावा. एकट्या घराने दहा गुंठ्यांसाठी यंत्र घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, हे सांगायला मुनीम लागत नाही. तेच यंत्र चार भाऊबंदांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून घेतले तर वापर बारा तासांवर जातो आणि तासाचा खर्च १,३५० रुपयांवर येतो. दुरुस्ती थोडी वाढेल, पण हिशेब बसू लागतो. भागीदारीत घ्यायचे तर एकाच घराने सांभाळायचे आणि तेल, पाती, दुरुस्ती यांची वेगळी वही ठेवायची. भागीदारीतील यंत्र बहुधा मोडते ते कामाने नव्हे, ‘मागच्या वेळी कुणी वापरले होते’ या प्रश्नाने.

खरेदीला जाताना ट्रॅक्टर दुरुस्त करणारा ओळखीचा मिस्त्री बरोबर असावा आणि आधी निरोप न देता सकाळी जावे. पॉवर टिलर असेल तर इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट असेल तर विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवले आहे. थंड इंजिन किती हँडल मारल्यावर सुरू होते ते त्याला दाखवायचे नाही, असा अर्थ निघतो. सुरू झाल्यावर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा झिजल्या आहेत. सतत काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. ब्रीदरमधून फक-फक वाफ येत असेल तर बोअरचे काम निघणार हे धरूनच भाव बोलावा. पट्टे, क्लच, दोन्ही बाजूंचे वळण्याचे क्लच प्रत्यक्ष चालवून पाहावेत. उभ्या यंत्रावर हे दोष कळत नाहीत.

रोटाव्हेटरची तपासणी वेगळी. त्याचे बाहेरचे रूप फसवे असते, कारण रंगाचा एक डबा बरेच काही झाकतो. रोटर उचलून धरावा आणि दोन्ही टोके हाताने हलवून पाहावीत. खडखड आली तर बेअरिंग गेलेले. बेअरिंग स्वस्त आहे. पण ते बराच काळ तसेच चालवले असेल तर त्याचे घर आणि दांडा दोन्ही झिजलेले असतात आणि तो खर्च मोठा. रोटर सावकाश फिरवावा. दांडा वाकलेला असेल तर पात्यांची टोके एका रेषेत येत नाहीत. गिअरबॉक्सचे तेल थोडेसे काढून बोटांवर घ्यावे. दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. चमचम करणारे बारीक कण लागले तर दाते झिजत आहेत. बाजूच्या साखळीच्या किंवा गिअरच्या पेटीखाली जमिनीवर तेलाचा डाग आहे का, तेही पाहावे.

पाती झिजलेली असतीलच. ती नवी घेता येतात म्हणून त्यांनी घाबरू नये. ती कशी बसवली आहेत हे मात्र पाहावे. डावी-उजवी पाती ठरावीक क्रमाने, मळसूत्रासारखी वळत गेलेली असतात, त्यामुळे एका वेळी एक-दोनच पाती मातीत शिरतात आणि यंत्राला झटके बसत नाहीत. मागच्या मालकाने घाईत कुठलेही पाते कुठेही बसवले असेल, एखादे उलटेच बसवले असेल, तर धार मागे राहून पाठ मातीवर आपटते. असे यंत्र डिझेल पिते, थरथरते आणि बेअरिंग खाते. आणखी एक खूण शोधावी. पीटीओ शाफ्टवर एक मऊ बोल्ट मुद्दाम बसवलेला असतो. पात्यात दगड अडकला तर तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा यासाठी. तो वारंवार तुटतो म्हणून कंटाळून तिथे कडक पोलादी बोल्ट ठोकलेला दिसला, तर त्या यंत्राच्या पोटात काय काय झाले असेल याची कल्पना करावी आणि परत फिरावे.

कागदांचेही तेच. मिनी ट्रॅक्टरसह घेत असाल तर आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, तो उतरवल्याचा दाखला आहे का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. यंत्र सरकारी अनुदानावर घेतलेले असेल तर ठरावीक मुदतीत ते न विकण्याची अट असू शकते. मूळ मंजुरीपत्र मागावे. जालना हे लोखंडाच्या भट्ट्यांचे आणि रोलिंग मिलचे शहर आहे. जे यंत्र शेतात चालत नाही त्याला तिथे भंगाराचा भाव मिळतोच. विकणाऱ्याची मागणी त्या भावापेक्षा किती वर आहे, हा भाव ठरवण्याचा एक साधा मापदंड आहे.

यंत्र मिळाले, पण माती यंत्राचा शब्द मानत नाही. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी लागले की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणूनच वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात तीच माती चपलेला शेराने चिकटते. कोरड्यात रोटाव्हेटर घातला तर ढेकळे उडतात, पाती बोथटतात, वर धूळ आणि खाली दगडासारखे गोळे राहतात. ओल्यात घातला तर त्याहून वाईट. पाती मातीला कापण्याऐवजी लिंपतात, गिलावा केल्यासारखा एक गुळगुळीत थर चार-सहा इंचांवर तयार होतो, पाणी त्यावर अडते आणि मुळे तिथून आडवी वळतात. एका ओल्या फेऱ्याने झालेले नुकसान पुढचा सारा हंगाम भोगावे लागते.

या दोहोंच्या मधली जी अवस्था तिला मराठीत ‘वाफसा’ हा नेमका शब्द आहे. मातीच्या कणांना ओल आहे आणि कणांमधल्या पोकळीत हवाही आहे, असा तो समय. तो ओळखायला उपकरण लागत नाही. वरची कोरडी माती बाजूला सारून चार-सहा बोटे खालची मूठभर माती घ्यावी, दाबून लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. लाडू वळलाच नाही तर जमीन कोरडी आहे. पडल्यावर पोळीसारखा चपटा झाला तर ओली आहे. पडल्यावर फुटून त्याचा भुगा झाला तर वाफसा आला. परसाच्या एकाच ठिकाणी पाहून भागत नाही. भिंतीच्या सावलीत, नळाजवळ आणि उघड्यावर वाफसा वेगवेगळ्या दिवशी येतो. ट्रॅक्टरवाल्याला सोयीचा दिवस आणि वाफशाचा दिवस एक असेलच असे नाही. भाड्याच्या यंत्रात खरी अडचण पैशांची नसून हीच आहे, आणि स्वतःचे किंवा भागीदारीचे जुने यंत्र असण्याचा खरा लाभही हाच. त्या एका सकाळी ते हाताशी असते.

आता वाफसा कधी आणायचा, हा प्रश्न जैन घरात केवळ शेतीचा राहत नाही. श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत फोडीकर्म, म्हणजे भूमी फोडण्याचा व्यवसाय, मोजला आहे. घरच्या भाजीपुरती माती हलवणे हा व्यवसाय नव्हे, हे खरे. तरी पृथ्वीकाय आणि मातीतील त्रस जीव यांची विराधना त्यात आहेच. दुसरीकडे उपासकदशांगात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. त्या काळचा मोठा व्यापारी, मालाच्या शेकडो गाड्या चालवणारा; त्याने व्रत घेताना शेती सोडली नाही, पाचशे नांगरांची मर्यादा बांधली. दक्षिण महाराष्ट्रात, सांगली-कोल्हापूरकडे तर जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आला आहे. तेव्हा प्रश्न ‘करावे की करू नये’ एवढाच नाही. किती, केव्हा आणि कशी जयणा राखून, हा आहे. आणि या ठिकाणी जयणा आणि चांगली मशागत यांची वाट बरीच दूरपर्यंत एक आहे.

मृगाचा पहिला पाऊस पडला की काळ्या मातीतून काय काय वर येते ते गावातील प्रत्येकाने पाहिले आहे. लाल मखमली मृगाचे किडे, वाणी, गोगलगायी, पंखांच्या मुंग्या आणि गांडुळे. सर्वसाधारण शेतकरी याच पावसानंतरच्या वाफशाला पाळी घालतो. परसबागेला मात्र पावसाची वाट पाहण्याची गरज नसते, कारण घरी पाणी असते. मे महिन्यात, परस पूर्ण सुकलेले असताना, बेताचे पाणी देऊन ओलवणी करावी आणि त्या वाफशावर मशागत उरकावी. त्या दिवसांत गांडुळे खोल ओलीत उतरलेली असतात आणि वरचा चार-पाच इंचांचा थर पुष्कळसा रिकामा असतो. भेगा पडलेल्या जमिनीला पाणी सावकाश, तुषाराने द्यावे. पाटाने सोडले तर ते भेगांतून थेट खाली जाते. चार-सहा दिवसांत, जमिनीच्या खोलीप्रमाणे, वाफसा येतो. हिंसा शून्य होत नाही, कुदळीनेही ती होतेच. परंतु पावसानंतरच्या फेऱ्याच्या तुलनेत ती निश्चित कमी होते. उन्हाळी खोल नांगरटीचा जो सल्ला सर्वत्र दिला जातो त्यात किडींचे कोष उन्हात मरावेत, पक्ष्यांनी टिपावेत हा उद्देशही असतो. परसातल्या भाजीसाठी त्या नांगरटीची फारशी आवश्यकता नाही. ती टाळता येते.

दुसरी गोष्ट जैन परसबागेच्या पथ्याचीच आहे. बटाटा, गाजर, मुळा, कांदा, लसूण, रताळे यांना या बागेत जागा नाही. खोल आणि पिठासारखी भुसभुशीत माती लागते ती मुख्यतः याच कंदमुळांना! भेंडी, गवार, वांगी, दोडका, चवळी यांना एवढ्या बारीक मातीची गरज नसते. सुपारीएवढी ढेकळे राहिली तर उलट बरे, कारण पिठासारख्या मातीवर पहिल्या पावसाने पापडी धरते आणि अंकुर तिच्याखाली गुदमरतो. म्हणजे अशा घराला रोटाव्हेटरचा एकच फेरा पुरतो, तोही चार-पाच इंचांचा. आणि त्या फेऱ्यात वेग थोडा वाढवावा. रोटर मिनिटाला २०० फेरे घेत असेल, एका चकतीच्या एका बाजूला तीन पाती असतील आणि यंत्र ताशी अडीच किलोमीटरने चालत असेल, तर दर सात सेंटीमीटरला मातीत एक पाते उतरते. ताशी पाच किलोमीटरने तेच अंतर चौदा सेंटीमीटर होते. तेवढ्याच जमिनीत निम्मे घाव, निम्मा वेळ आणि ढेकळे हवी तशी. मात्र हा वेग मोकळ्या तुकड्यावर आणि ट्रॅक्टरमागच्या यंत्रालाच शोभतो. हाताने धरायचा पॉवर टिलर भिंतींच्या मध्ये चालण्याच्या गतीनेच चालवावा.

फेऱ्याआधी एक काम हाताने करावेच लागते आणि ते टाळणाऱ्याला यंत्र पश्चात्ताप करायला लावते. हराळी आणि लव्हाळा यांनी भरलेल्या परसात कधीही सरळ रोटाव्हेटर घालू नये. हराळीच्या काडीचे पाते दहा तुकडे करते आणि प्रत्येक पेरातून नवी हराळी फुटते. लव्हाळ्याच्या गाठी साऱ्या परसभर पसरतात. एक कोपरा खराब होता तिथे आषाढात संपूर्ण बाग हिरवीगार दिसते, पण भाजीने नव्हे. ओलवणीच्या आधी काटेरी फावड्याने हराळीचे जाळे उकरून काढावे आणि बाहेर न्यावे. त्याच वेळी दगड, काचा, तार, नायलॉनची दोरी, जुन्या साडीच्या पट्ट्या, ठिबकच्या नळ्या वेचून घ्याव्यात. कापडाची एक पट्टी रोटरला गुंडाळली तर ती सोडवायला तास जातो. जमिनीखालून पाण्याची नळी किंवा बोअरच्या मोटारीची केबल गेली असेल तर तिची रेघ चुन्याने आखावी. परसातील सर्वांत महागडे अपघात याच रेघेवर होतात. ज्या परसात मुरूम हातभराच्या आत आहे तिथे खोलीचे पाय आधीच वर करून ठेवावेत.

नंतर खत. हेक्टरी २५ टन शेणखत या प्रमाणाने गुंठ्याला सुमारे २५० किलो, दहा गुंठ्यांना अडीच टन. ते चांगले कुजलेले असावे. ताज्या शेणात हुमणीच्या अळ्या असतात आणि पुन्हा तोच जीवहिंसेचा प्रश्न पुढे उभा राहतो. खत सारखे पसरून त्यावर तो एकमेव फेरा घ्यावा. चुनखडी जमिनीत लोहाची कमतरता वारंवार दिसते, कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. त्यासाठी माती तपासून घ्यावी. जालन्याजवळ खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे याविषयी विचारता येते. पुढच्या हंगामांत यंत्र शक्य तेवढे बाहेरच ठेवावे. गादीवाफे एकदा तीन-चार फूट रुंद बांधले की त्यांवर पाय देऊ नये, पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे आणि लावणीपुरतीच माती हलवावी. वर्षाचे दोन फेरे एकावर येतात, कधी दोन वर्षांतून एकावर. मग वर मांडलेला तासाचा खर्च आणखी वाढतो, आणि बहुतेक घरांचा निर्णय भाड्याने घेण्याकडे किंवा भागीदारीत आणखी घरे घेण्याकडे झुकतो. यंत्र घेऊन ते गावभर भाड्याने फिरवावे, असा विचार एखाद्याच्या मनात येईल. त्याने पंधरा कर्मादानांची यादी पुन्हा वाचावी. भाडीकर्म तिच्यात फोडीकर्माच्या अगदी शेजारी आहे.

चालवताना धोतर, साडीचा पदर, ओढणी आणि उपरणे यांना यंत्राजवळ जागा नाही. पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. वस्त्राचे टोक त्यात सापडल्यावर हात मागे घ्यायला माणसाला वेळ मिळत नाही. जुन्या यंत्राचे शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण बहुधा गेलेलेच असते. ते प्रथम विकत आणावे, मग पाती. मडगार्डवर नातवंडाला बसवून फेरी मारण्याचा मोह आवरावा. पात्यांत काही अडकले तर इंजिन बंद करून, रोटर थांबल्यावरच हात घालावा.

श्रावकाच्या अनर्थदंड-विरमण व्रताच्या अतिचारांत ‘संयुक्ताधिकरण’ म्हणून एक दोष सांगितला आहे. हिंसेला साधन होणारी दोन अंगे जोडून तयार ठेवायची नाहीत. उखळाला मुसळ, गाडीला जू, नांगराला फाळ लावून ठेवायचा नाही, अशी उदाहरणे टीकाकारांनी दिली आहेत. जोडलेले साधन कुणीही उचलतो आणि गरज नसता वापरतो, हे त्यामागचे निरीक्षण. यंत्राच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही काम संपल्यावर पीटीओ शाफ्ट काढून ठेवण्याची सूचना असते. तिथे कारण सुरक्षिततेचे आणि शाफ्टच्या आयुष्याचे. टेंभुर्णीसारख्या गावात ज्येष्ठ-आषाढाच्या संधीला, चातुर्मासाची चतुर्दशी लागण्याआधी, हे काम करून टाकावे. पात्यांमधली माती काढावी, बोल्ट आवळावेत, पात्यांवर जुने इंजिन ऑइल फिरवावे, यंत्र लाकडाच्या ठोकळ्यांवर टेकवावे आणि शाफ्ट सोडवून आतल्या खोलीत वेगळा ठेवावा. किल्ली दुकानाच्या गल्ल्यात.